ओक्जिनचा दोरा

आमच्या वन्संना काल काय खाल्लं ते आठवत नाही, पण स्वतःचा पहिला वाढदिवस आठवतो, असं सगळं नामपो गाव हसून सांगायचं. वन्संनाही ते ऐकायला आवडायचं. कुणी विषय काढायचाच अवकाश, की हातातलं काम बाजूला ठेवून त्या सुरू.

वन्सं म्हणजे ओक्जिन, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी गुनसानची, म्हणून या गावात मला सगळे ‘गुनसानवाली’ म्हणतात. चाळीस वर्षं झाली, माझं खरं नाव विचारायला अजून कुणाला सवड झालेली नाही. वन्संचं तसं नाही. त्यांचं नाव आजोबांनी स्वतः निवडून ठेवलेलं. त्या काळी मुलीच्या नावासाठी कोण एवढा विचार करत होतं? पहिली मुलगी झाली तर पुढचा मुलगा व्हावा म्हणून काहीतरी खरडून द्यायचे आणि मोकळे व्हायचे. पण आजोबांनी नातीला रत्नाचं नाव दिलं, म्हणून वन्सं ते नाव अंगावर दागिना घातल्यासारखं मिरवायच्या.

आणि मिरवायला दुसरं होतं काय त्यांच्याकडे? शाळेत त्यांना ‘दगड’ म्हणत. गुरुजी विचारायचे आणि यांच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. वर्गात सगळ्यांत बुटक्या, पळण्यात शेवटच्या, पाढ्यांत शेवटच्या. बाराखडी येईपर्यंत बरोबरीच्या मुली वर्तमानपत्र वाचायला लागल्या होत्या. सासऱ्यांनी एक दिवस पाटी-पुस्तक उचललं आणि सांगितलं, पुरे झालं हिचं शिक्षण. त्यानंतर कालवं फोडायच्या शेडमध्ये सुरी हातात आली ती आजतागायत. माझा नवरा मात्र ग्वांगजूला कॉलेजात गेला, त्याच कालवांच्या जिवावर. मोबाइलवर काही आलं की वन्सं तो माझ्यापुढे धरायच्या. “वाच गं, माझा चष्मा घरी राहिलाय.” चष्मा त्यांच्या नाकावरच असायचा.

“डोकं माझं दगड,” त्या म्हणायच्या, “पण माझं दोल मला लख्ख आठवतं. एवढं तरी देवानं दिलं.”

दोल म्हणजे पोराचा पहिला वाढदिवस. मेजावर दोऱ्याची लड, लेखणी, तांदूळ, पैसे मांडून ठेवायचे आणि पोराला सोडायचं. लेखणी धरली तर विद्वान होणार, तांदूळ धरले तर खाऊनपिऊन सुखी, दोरा धरला तर शंभरी गाठणार. वन्संनी दोरा धरला होता. तोही असा, की सुटेचना. ती लड ओढत त्या मेजभर फिरल्या. आजोबांना इतका आनंद झाला, की ते उठून नाचायला लागले, आणि नाचता नाचता त्यांची घोड्याच्या केसांची काळी टोपी समुद्री शेवाळाच्या सारात पडली. तशीच निथळती टोपी त्यांनी डोक्यावर घातली. कानाशी शेवाळाची पट्टी लोंबायला लागली.

“ती मी ओढली,” वन्सं इथे दोन बोटांनी दाखवायच्या. “बुळबुळीत होती. अजून बोटांना जाणवते.”

आजोबा जिवंत असेपर्यंत रोज जेवायला बसलं की त्यांची परीक्षा घ्यायचे. काय धरलंस? दोरा. कुणाची टोपी पडली? आजोबांची. कशात पडली? सारात. मग आजोबा आपल्या ताटातला माशाचा तुकडा नातीच्या भातावर ठेवायचे. शाळेत नापास होणारी मुलगी या एका परीक्षेत रोज पहिली यायची.

वन्संच्या सुनेनं, हेरिमनं, एकदा जीभ सैल सोडली होती. ती सोलमध्ये बालवाडीत शिकवते. “आई, एक वर्षाच्या मुलाला नाही हो आठवत काही. तुम्हाला कुणी सांगितलं असणार, तेच आठवत असेल.”

वन्संनी तीन दिवस तिचा फोन घेतला नाही. मलाच म्हणाल्या, “शिकलेल्या लोकांना काय कळतंय? माझी बोटं खोटं बोलतील का?”

मागच्या थंडीत माझ्या सासूबाई गेल्या, चांगल्या वयाच्या होऊन गेल्या. त्यांची पेटी उघडली तर तळाशी एका रेशमी फडक्यात पिवळी पडलेली सुती दोऱ्याची लड. वन्सं ती छातीशी धरून जमिनीवरच बसल्या. “माझा दोरा! आईनं जपून ठेवला होता गं. मला कधी बोलली नाही.” सासूबाई तशा तोंडानं माया बोलून न दाखवणाऱ्या. त्यामुळे तो दोरा म्हणजे वन्संना आईचं पत्रच मिळाल्यासारखं झालं. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, की नातवाच्या दोलला बाजारातला दोरा नाही, हाच ठेवायचा. आजीचं आयुष्य नातवाला.

नातवाचं नाव हानग्यल. हेरिमला दोल सोलच्या हॉटेलात करायचं होतं, पण वन्सं हटून बसल्या आणि गावच्या समाजमंदिरात करायचं ठरलं. मी तांदळाच्या पिठाचा पांढरा केक, म्हणजे तोक, वाफवला, सार उकळलं. आमच्या ह्यांनी जाऊन मालसुन आत्यांना गाडीत घालून आणलं. मालसुन आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, वय ऐंशीच्या पुढे, पण कान शाबूत आणि जिभेला हाड नाही.

“गुनसानवाले, सारात मीठ घालायला विसरलीस की आता मीठसुद्धा महाग झालंय?” बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली.

“तुमच्या रक्तदाबासाठी कमी घातलंय हो, आत्याबाई.”

“रक्तदाबानं मरेन तेव्हा मरेन, आज अळणी कशाला मारतेस?”

सगळे हसले. हानग्यल रंगीत बाह्यांचा झगा घालून मेजासमोर बसला होता आणि डोक्यावरची टोपी काढायच्या खटपटीत होता. जेह्वान, वन्संचा मुलगा, मोबाइल सावरून उभा राहिला. तेवढ्यात वन्संनी पदराआडून काढावं तसं झग्याच्या आतून ते रेशमी फडकं काढलं.

“थांबा सगळे. बाजारचा दोरा उचला तो. हा ठेवायचा. हा माझ्या दोलचा दोरा आहे. हाच धरून मी एवढी जगले.”

हेरिम कौतुकानं पुढे झाली. वन्संनी लड उलगडली आणि आधी बाळाच्या गळ्यात घालायला म्हणून हात पुढे केले.

“नको!”

ती किंकाळी होती. माझ्या हातातलं सार सांडलं. मालसुन आत्या, ज्यांना उठवायला दोन माणसं लागतात, त्या गुडघ्यांवर सरपटत मेजापर्यंत आल्या, त्यांनी वन्संच्या हातातून दोरा हिसकला आणि दूर भिंतीकडे फेकून दिला. बाळ भोकाड पसरून रडायला लागलं.

“आत्या, वेड लागलंय का तुला?” आमचे हे ओरडले.

“तो दोरा पोराच्या अंगाला लावू नका,” आत्यांचा श्वास लागला होता. “तो शंभरीचा दोरा नाही. तो धरणारी पोर तीन महिन्यांत गेली.”

कुणाला काही कळेना. वन्सं हसल्या. “आत्या, मी बसलेय की तुझ्यासमोर.”

“तू नव्हतीस गं ती.”

मी आत्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं, की म्हातारी बरळत नाही.

“ओक्जिन म्हणजे तुझी मोठी बहीण,” आत्या म्हणाल्या. “तिचं दोल झालं. तिनं दोरा धरला. सार मीच आणून ठेवलं होतं, माझ्याच भांड्यात टोपी पडली. सगळं खरं आहे. त्याच थंडीत गोवर आला. गावातली निम्मी पोरं नेली, तिला पण नेली. तुझे आजोबा जेवेनात. बोलेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, दिसत तसंही काही नव्हतं. मग पुढच्या वर्षी तू झालीस. तुझं रडणं ऐकलं आणि म्हातारा उठून बसला. म्हणाला, ‘ओक्जिन आली. आणा तिला इकडे.’”

“मग?” वन्संनी विचारलं.

“मग काय? कोण सांगणार त्याला, की ही ती नाही? दादा म्हणाला, राहू दे. पोरीचं मरण कचेरीत कळवलंच नव्हतं, कागद होता तसाच होता. तुला त्याच कागदावर घातली. त्याच नावानं हाका मारल्या. आणि तू बोलायला लागलीस तसं म्हाताऱ्यानं तुला ते दोल पाजलं. काय धरलंस, कुणाची टोपी पडली... रोज. तू आधी नुसती बघत राहायचीस. मग एक दिवस म्हणालीस, दोरा. सगळं घर रडलं त्या दिवशी.”

आमच्याकडे पोरांना काय आठवतं ते कुणी विचारत नाही. काय आठवायचं ते सांगतात. मी माझ्या पोरांशी दुसरं काय केलं? पडलास तेव्हा रडला नव्हतास, पाहुण्यांसमोर बाहीला शेंबूड पुसला होतास, पुन्हा असं करायचं नाही... पोरं मान डोलावतात. पण एका मेलेल्या मुलीचं आयुष्य जिवंत मुलीला घासाघासानं भरवलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ती मुलगी सत्तरीची होऊन माझ्यासमोर बसली होती.

“पण माझ्या बोटांना आठवतं,” वन्सं म्हणाल्या. त्यांनी ती दोन बोटं वर केली. “शेवाळ. मी ओढलं.”

“तिनं ओढलं, बाळ. तू जन्मालाही आली नव्हतीस.”

“मग माझ्या दोलला मी काय धरलं?”

आत्यांनी नजर खाली घातली. “तुझं दोल झालंच नाही. एकाच नावाचं दोल दोनदा कसं करणार?”

हेरिम बाळाला घेऊन कोपऱ्यात उभी होती. तिला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. ती जे बोलली होती ते खरं निघालं होतं, पण असं खरं कुणाला हवं होतं?

माझा मात्र संताप झाला. मी सांडलेलं सार पुसत होते, ते फडकं तसंच आपटलं. “आत्याबाई, एक सांगा. कागद त्या मुलीचा, म्हणजे वन्सं शाळेत गेल्या त्या तिच्या वयानं गेल्या?”

“तिच्याच.”

“म्हणजे वर्गातली पोरं यांच्याहून दोन-दोन वर्षांनी मोठी?”

आत्यांनी मान डोलावली. आमचे हे, कॉलेज शिकलेले, वन्संकडे वळले. “दगड,” एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोक्यात ते हळूहळू उतरताना मला दिसलं. चौथीतल्या पोरांमध्ये बसवलेली दुसरीतली मुलगी. आणि मग त्या हसायला लागल्या. तसं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं, पुन्हा ऐकायचंही नाही.

“मी मठ्ठ नव्हतेच गं गुनसानवाले,” त्या म्हणाल्या. “मी नुसती लहान होते.”

मग हसणं थांबलं. “म्हणजे माझं असं काहीच नाही. नाव तिचं, वय तिचं, दोल तिचं. एक आठवण होती, ती पण तिची.”

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल थांबली, कुणीतरी तोक मागायला डोकावलं आणि आमची तोंडं पाहून परत गेलं. वन्सं उठल्या, भिंतीपाशी पडलेली लड उचलली आणि गुंडाळत बसल्या. आम्हाला वाटलं, आता रडतील. त्या गुंडाळतच राहिल्या.

“एक आहे,” त्या लडीकडे बघत म्हणाल्या. “पण ते स्वप्न असेल. कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मी पण कुणाला सांगितलं नाही.”

“काय?” मी विचारलं.

“मी कुणाच्या तरी पाठीला बांधलेली आहे. दुलईत. गाल पाठीला चिकटलाय. ती पाठ हलतेय, अशी गदगद. पुढे दगडांचा ढीग आहे, त्यावर पाईनची पानं पडलीत. थंडी आहे. मला वाटतं, ती पाठ रडतेय. मी पण रडायला लागते. मग एक हात मागे येतो आणि दुलईवरून मला थोपटतो. रडणं तिचं थांबत नाही, पण थोपटणं चालू असतं. बस, एवढंच.”

मालसुन आत्यांनी बाहीनं डोळे पुसले. इतका वेळ त्या कोरड्या डोळ्यांनी बोलत होत्या.

“वहिनी जायची,” त्या म्हणाल्या. “डोंगरावर, पोरांना पुरायची जागा होती तिकडे. नुसते दगड रचायचे. म्हाताऱ्याला कळू नये म्हणून सरपणाचं निमित्त करून जायची. तुला ठेवणार कुठे? पाठीला बांधून न्यायची. मी एकटीच तिच्याबरोबर असायचे. तू बोलायला लागलीस आणि तिनं जाणं बंद केलं. तू घरी येऊन म्हाताऱ्याला सांगशील म्हणून भ्यायली. पुन्हा कधी गेली नाही. आणि हे तुला कुणी सांगणं शक्यच नाही, ओक्जिन. दादाला माहीत नव्हतं. मी आजपर्यंत तोंड उघडलेलं नाही. वहिनीनं मला शपथ घातली होती, आणि ती असेपर्यंत मी ती पाळली.”

“म्हणजे ते झालं होतं?”

“झालं होतं.”

“तो हात आईचा होता?”

“दुसरा कुणाचा असणार?”

वन्संनी डोळे मिटले. आयुष्यभर न दिसलेली आईची माया त्यांना त्या दोऱ्यात सापडली होती आणि दोरा निघाला दुसरीचा. पण पाठीवरची ती थाप त्यांची होती. ती कुणी शिकवली नव्हती, तिची रोज परीक्षा झाली नव्हती, आणि तरी ती टिकली होती. आता त्या रडल्या. मोठ्यानं, पोरासारख्या. मीही त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

या सगळ्या गोंधळात जेह्वान एकदम म्हणाला, “अरे, हानग्यलनं काय धरलं?”

आम्ही वळून पाहिलं. हेरिमनं बाळाला केव्हातरी मेजापाशी खाली ठेवलं होतं. तांदूळ सांडलेले, लेखणी जमिनीवर, नोटा ओल्या, आणि हानग्यल दोन्ही हातांनी तोक खात बसलेला. आधी कशाला हात लावला, ते कुणीच पाहिलं नव्हतं. जेह्वानचा मोबाइल तर केव्हाच खिशात गेला होता.

“लेखणी धरली असं सांगू,” आमचे हे डोळे पुसत म्हणाले. “कुणाला कळतंय?”

“काही सांगायचं नाही,” वन्सं म्हणाल्या. आवाज बसलेला, पण असा ठाम मी आधी ऐकला नव्हता. “हेरिम, ऐक. मोठा झाला की त्याला सांगू नकोस काय झालं. त्याला विचार, तुला काय आठवतं.”

“त्याला काय डोंबल आठवणार,” मी म्हटलं.

“नाही आठवणार तर नाही. पण विचार.”

हेरिमनं मान हलवली आणि पहिल्यांदाच सासूच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसली.

दुपारी आम्ही डोंगरावर गेलो. आत्यांना ह्यांनी पाठीवर घेतलं. त्या वाटेत सारख्या बजावत होत्या, “सांभाळून, मला पाडशील तर इथेच पुरावी लागेल.” वर पोहोचलो. दगडांचे ढीग कुठेच नव्हते. सगळ्या उतारावर युजाची लिंबं लावलेली, फळांनी पिवळी झालेली. बागवानानं जागा सपाट करताना सगळे दगड गोळा करून बांध घातला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सासूबाईंनी रचलेले दगड त्यातच कुठेतरी असणार. आणि गावातल्या बाकीच्या पोरांचेही.

“कुठला होता गं?” वन्संनी विचारलं.

आत्यांनी पाठीवरूनच मान हलवली. “देवाला माहीत.”

वन्सं बांधाच्या कडेनं चालत राहिल्या. एका ठिकाणी खाली वाकल्या आणि पांढऱ्या तोकाचा एक तुकडा एका दगडावर ठेवला. मग ती पिवळी लड दोन दगडांच्या फटीत आत सरकवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक खडा ठेवला. आणि हात तिथेच ठेवून त्यांनी त्या दगडाला हळूहळू थोपटलं.

आमच्या घरात वन्सं सगळ्यांत थोरल्या. नवरा त्यांना ताई म्हणतो, गावातल्या बायका ताई म्हणतात, त्यांच्यावर मात्र कुणाला ताई म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती. तो शब्द उच्चारणं त्यांना किती जड जातंय ते मला दिसत होतं.

“ताई,” त्या म्हणाल्या, “तुझा दोरा आणलाय.”